सोसायटीतल्या कॉमन गरम पाण्याच्या लाइटबिलावरून वाद होतोय? आधी रात्रीचं रीडिंग घ्या

बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मिळून गरम पाण्याची एकच मोठी टाकी असली आणि तिचं लाइटबिल सगळ्यांनी वाटून भरायचं असलं की आज ना उद्या वाद होतोच. एकटा राहणारा म्हणतो मी रोज जेमतेम एक बादली घेतो मग सहा माणसांच्या घराएवढं बिल मला का, टाकीपासून लांबच्या फ्लॅटवाले म्हणतात आमच्याकडं गरम पाणी यायच्या आधी अर्धी बादली गार पाणी सोडून द्यावं लागतं, बंद फ्लॅटचे मालक म्हणतात आम्ही इथं राहतच नाही, आणि कमिटीतली मंडळी म्हणतात काहीही असो, बिल तर वेळेवर भरायलाच लागणार ना. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं, म्हणूनच हे घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडतं.

अशा वादात मध्ये बसून हिशोब लावून देताना मला एक गोष्ट कायम दिसलीये. लोक ज्याला एक बिल समजून भांडतात ते खरं तर दोन खर्च असतात. एक म्हणजे पाणी गरम *ठेवायचा* खर्च, जो कुणी नळ उघडला नाही तरी चालूच असतो, कारण टाकी आणि पाइप चोवीस तास उष्णता सोडत असतात. आणि दुसरा म्हणजे प्रत्यक्ष *वापरलेल्या* पाण्याचा खर्च. पहिला सगळ्यांचा, दुसरा ज्याचा त्याचा. हे दोन आकडे वेगळे काढून कागदावर मांडले की निम्मा वाद तिथंच संपतो. पण ते काढायचे कसे हे कुणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हे बिल नक्की कशाचं आहे?

पैसे वाटायच्या आधी हे बघा की ज्या मीटरचं बिल तुम्ही वाटताय त्याच्यावर फक्त गरम पाण्याचाच लोड आहे का. बऱ्याच ठिकाणी हीटर कॉमन मीटरवर असतो आणि त्याच मीटरवर जिन्यातले लाइट, पाण्याचा पंप, कधी लिफ्टपण असते, आणि मग सगळी वाढ गरम पाण्याच्या नावावर खपते. वायरमनला बोलवा, हीटरचा एमसीबी पाडा आणि बघा मीटरवरचा लाल दिवा अजून लुकलुकतोय का. लुकलुकत असेल तर त्या मीटरवर अजून काहीतरी आहे. उलटी केसपण असते, एखाद्या फ्लॅटच्या स्वतःच्या मीटरवर कॉमन रिटर्न पंपाची (पाइपात थंड होत चाललेलं पाणी रिटर्न लाइनने परत टाकीत फिरवणाऱ्या पंपाची) वायर जोडलेली असते आणि तो बिचारा वर्षानुवर्षं सगळ्यांचं भरत असतो, त्याला वाटतं आपला फ्रिजच जास्त खातोय. म्हणून प्रत्येकाने एकदा आपल्या फ्लॅटचा मेन स्विच बंद करून मीटर थांबतो का ते बघून घ्यावं, पाच मिनिटांचं काम आहे.

हीटरच्या लाइनवर वेगळा सबमीटर बसवा. हीटर आणि रिटर्न लाइनचा पंप, दोन्ही त्याच सबमीटरमागं आले पाहिजेत. सबमीटरशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल आणि अंदाजावर पुन्हा भांडण होणार हे नक्की. सबमीटर बसला की दुसरं काही करायच्या आधी एक पूर्ण महिना नुसतं रीडिंग लिहीत राहा.

रात्रीचं रीडिंग

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि याला फक्त एक टॉर्च, एक वही आणि जागं राहायला तयार असलेली दोन माणसं लागतात. रात्री ज्या वेळात कुणी गरम पाणी वापरत नाही, साधारण एक ते चार, त्या वेळात सबमीटरचं रीडिंग दोनदा घ्यायचं, फोटो काढून. त्या तीन तासांत जेवढे युनिट पडले ते सगळे टाकी आणि पाइप गरम ठेवायला गेले, कारण पाणी तर कुणी घेतलंच नाही. थर्मोस्टॅट मध्येच चालू मध्येच बंद होत असतो त्यामुळे एका रात्रीवर जाऊ नका, चार-पाच रात्रींचं रीडिंग घेऊन सरासरी काढा, आणि जाताना दोन माणसं दोन्ही बाजूंची न्या, एक कमिटीचा आणि एक तक्रार करणाऱ्यांपैकी. सहा जणांनी मीटिंगमध्ये तासभर समजावून जे होत नाही ते समोरच्याने स्वतःच्या डोळ्यांनी रात्री मीटर फिरताना बघितला की होतं.

समजा तीन तासांत सरासरी २.४ युनिट पडले. म्हणजे तासाला ०.८, दिवसाला १९.२ आणि तीस दिवसांच्या महिन्याला ५७६ युनिट. महिन्याचे एकूण १८०० युनिट असतील तर जवळपास ३२ टक्के वीज ही पाणी नुसतं गरम ठेवण्यात गेली. हाच तुमचा कायमचा खर्च.

तुमच्याकडं हीटर टायमरवर असेल आणि रात्री बंदच राहत असेल तर ही पद्धत चालणार नाही, तेव्हा उलटीकडून जा. पाणी तापवायचं गणित अगदी सोपं आहे, लिटर गुणिले किती अंशांनी तापवलं ते, भागिले ८६०, की आले युनिट. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ३५०० भागिले ८६० म्हणजे चार युनिटच्या आसपास. हे निसर्गाचं गणित आहे, यात कमिटीची किंवा कुणाची मर्जी चालत नाही, आणि साधा हीटर कुठल्याही कंपनीचा असला तरी आकडा तोच येतो. तर टाकीत जाणाऱ्या गार पाण्याच्या लाइनवर एक वॉटर मीटर बसवा, महिन्यात किती लिटर गेलं ते बघा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा. ३६,००० लिटर पाणी सरासरी २९ अंशांनी तापलं तर १२१४ युनिट. एकूण १८०० मधून ते वजा करा, ५८६ उरले, रात्रीच्या रीडिंगच्या जवळ आला ना आकडा? शक्य असेल तर दोन्ही पद्धती करा, दोन्हीकडून सारखं उत्तर आलं की शंका घ्यायला जागा राहत नाही. हीट पंप असेल तर मात्र हे दुसरं गणित तसंच्या तसं लावू नका, कारण तो हवेतली उष्णता ओढून घेतो आणि तेवढंच पाणी साध्या हीटरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तापवतो, तिथं रात्रीचं रीडिंगच बरं. आणि सोलरला बॅकअप हीटर असेल तर उन्हाळ्यात एकदा आणि ढगाळ दिवसांत एकदा असं दोनदा मोजा, आकडे फार बदलतात.

"एवढी वीज नुसती वाया जाते?" असं म्हणून लोक कमिटीवर खापर फोडायला लागतात, म्हणून एक बाहेरचं उदाहरण देतो. जर्मनीत कॉमन गरम पाण्याचा खर्च कसा वाटायचा याचा १९८१ पासून नियम आहे, आणि त्यात गरम पाण्याला किती उष्णता लागली हे अंदाजाने काढायच्या सूत्रात १००० लिटरला प्रत्येक अंशामागे २.५ युनिट धरतात, जेव्हा नुसतं पाणी तापवायला १.१६ च लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते असं तिथला नियमच गृहीत धरतो. त्यामुळे ३२ टक्के हा घोटाळा नाही. ६० टक्के आले तर मात्र पाइपांकडं बघायची वेळ आलीये.

वाटणी

त्याच जर्मन नियमात ५० ते ७० टक्के खर्च वापराप्रमाणे आणि बाकीचा क्षेत्रफळाप्रमाणे वाटतात, आणि वापराप्रमाणे हिशोब दिलाच नाही तर भाडेकरू आपल्या हिश्शातून १५ टक्के कापून घेऊ शकतो. मला यातला दोन भाग करण्याचा विचार पटतो, फक्त टक्केवारी नियमातून उचलण्यापेक्षा स्वतःच्या बिल्डिंगमध्ये मोजून आलेली जास्त चांगली, कारण मग "हा आकडा कुठून आणला" हा प्रश्नच येत नाही. कायमचा भाग फ्लॅटमागे सारखा वाटायचा की क्षेत्रफळावर हे तुम्ही ठरवा, फ्लॅट साधारण एकाच मापाचे असतील तर सारखा वाटा, कुणाला डोकं खाजवायला लागत नाही.

वरचेच आकडे घेऊ. १२ फ्लॅट आहेत. कायमचे ५७६ युनिट भागिले १२, प्रत्येकी ४८. उरले १२२४, ते ३६,००० लिटरवर वाटले तर १००० लिटरमागे ३४ युनिट. आता सहा माणसांच्या घराने महिन्यात ५४०० लिटर घेतलं तर त्यांचे १८४ अधिक ४८ म्हणजे २३२ युनिट. एकट्या माणसाचं ७०० लिटर झालं, २४ अधिक ४८, ७२ युनिट. बंद फ्लॅटचे नुसते ४८. सरसकट वाटलं असतं तर तिघांनाही १५० आले असते. आता सांगा, एकटा माणूस चिडत होता ते उगाच होतं का? आणि बंद फ्लॅटवाल्याला शून्य का येत नाही तेही इथंच दिसतं, टाकी त्याच्यासाठीपण गरम होती, तो कधीही येऊन नळ उघडला असता तर पाणी मिळालंच असतं.

युनिटचे पैसे करताना एकच दर लावा, एकूण बिल भागिले एकूण युनिट. त्यात स्थिर आकार, टॅक्स सगळं आपोआप येतं. "जास्त वापरणाऱ्याला वरच्या स्लॅबचा दर" असली आयडिया कुणीतरी काढतंच, ती नको, स्लॅब पूर्ण मीटरला लागतो, एका घराला नाही. सगळ्यांच्या हिश्शाची बेरीज आणि वीज कंपनीचं बिल तंतोतंत जुळलं पाहिजे, सोसायटीने यात काही कमवायचं नाही आणि गमवायचंही नाही.

फ्लॅटमध्ये मीटर बसवताना

गार पाण्याचा मीटर गरम लाइनला लावू नका. मीटरवर तापमानाचा वर्ग छापलेला असतो, गरम पाण्याला ९० अंश चालणारा घ्या, ३० किंवा ५० अंशांचा स्वस्तात मिळतो म्हणून लावलात तर आतले भाग लवकर जातात आणि रीडिंगवर विश्वास राहत नाही. बाणाची दिशा बघा, आधी गाळणी लावा, आणि सगळे मीटर बाहेर शाफ्टमध्ये येतील तर सगळ्यात चांगलं, रीडिंगला कुणाच्या घरात जायला नको. फ्लॅटच्या सगळ्या मीटरची बेरीज टाकीच्या मुख्य मीटरपेक्षा थोडी कमी येणार हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, कारण अगदी बारीक धार मीटरला कळत नाही. फरक थोडा असेल तर तो कायमच्या भागात टाका, फार असेल तर कुठंतरी गळतीये.

आता अडचण अशी की बऱ्याच जुन्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाथरूमला वेगळा उभा पाइप असतो, एका फ्लॅटला तीन-तीन मीटर लागतात आणि ते परवडत नाही. तिथं वापराचा भाग माणसांवर वाटा. माणूस-महिना धरा, म्हणजे चार माणसं पूर्ण महिना राहिली तर चार, त्यातला एक पंधरा दिवस बाहेर असेल तर साडेतीन. लहान मुलं किती धरायची, आठवड्याहून जास्त राहिलेला पाहुणा मोजायचा का, हे आधी लिहून ठेवा, नंतर नाही. संख्या प्रत्येकाने स्वतः लिहून द्यायची आणि सगळ्यांचा तक्ता नोटीस बोर्डवर लावायचा. यात थोडं इकडंतिकडं होणारच, पण सरसकट वाटणीपेक्षा हे कितीतरी बरं. शेजाऱ्याकडं कोण येतं-जातं यावर पाळत ठेवायची वेळ मात्र येऊ देऊ नका, त्याने जे नुकसान होतं ते कुठल्याही बिलाने भरून येत नाही.

बिल जास्त यायची लपलेली कारणं

एखाद्याचं रीडिंग अचानक दुप्पट आलं आणि तो शपथेवर सांगतोय की वापर तेवढाच आहे, तर त्याच्यावर विश्वास ठेवून आधी पाइप तपासा. सगळ्यात फसवं कारण म्हणजे गरम आणि गार लाइन एकमेकींत मिसळणं. मिक्सर नळाला पुढं बंद-चालू होणारा हँड शॉवर लावलेला असतो, लोक तो हँडलच्या खटक्याने बंद करतात पण मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवतात, मग ज्या लाइनला प्रेशर जास्त तिचं पाणी दुसऱ्या लाइनमध्ये घुसतं. ओळखायचं कसं, सकाळी घरातला फक्त गार नळ उघडा आणि पाइपाला हात लावा, कोमट लागला तर समजा गरम पाणी तिकडून निसटतंय. कधी कधी एका घरातली ही चूक पूर्ण उभ्या लाइनला भोवते, शेजाऱ्याचं पाणी कोमट येतं आणि तो कमिटीला शिव्या घालतो. मिक्सरच्या आधी दोन्ही लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारे) टाकले की प्रश्न मिटतो, हे प्लंबरचं छोटं काम आहे.

दुसरं, गळती. गरम लाइनची बारीक धार मिनिटाला २०० मिली एवढीच असली तरी दिवसाला २८८ लिटर होतात, आणि ३० अंशांनी तापवलेलं ते पाणी म्हणजे रोजचे दहा युनिट गटारात. रात्रीच्या रीडिंगच्या वेळी टाकीच्या वॉटर मीटरचा काटापण बघा, युनिट पडतायत आणि पाणीपण सरकतंय म्हणजे गळती, नुसते युनिट पडतायत म्हणजे उष्णता जातीये. हीटरच्या कॉइलवर क्षार बसलाय म्हणून बिल वाढलं असं बरेच जण छातीठोक सांगतात, पण पाण्यात बुडालेली कॉइल असेल तर त्याने युनिट फारसे वाढत नाहीत, उष्णता शेवटी पाण्यातच जाते, फक्त तापायला वेळ लागतो आणि कॉइल जळते. साफ करा, पण बिल कमी होईल या आशेवर नको.

तिसरं लांबच्या फ्लॅटवाल्यांचं, आणि यांची तक्रार मला सगळ्यात रास्त वाटते. गरम लाइनवरचा मीटर पाणी किती गेलं एवढंच मोजतो, ते गरम होतं की गार हे त्याला कळत नाही, म्हणजे सकाळी गरम यायची वाट बघत जे गार पाणी त्यांनी सोडलं त्याचेपण पैसे गरमच्या दराने लागतात. बादली लावा आणि हाताला गरम लागेपर्यंत किती लिटर जातं ते मोजा. आतून २० मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे साधारण ०.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे ३० मीटर पाइप असेल तर नऊ-दहा लिटर. बिल्डिंगला रिटर्न लाइन असूनही एवढं पाणी जात असेल तर ती लाइन काम करत नाहीये, पंप बंद आहे, हवा अडकलीये किंवा कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवून ठेवलाय. ते दुरुस्त करणं सोसायटीची जबाबदारी आहे, आणि होत नाही तोवर त्या फ्लॅटच्या रीडिंगमधून रोजचे तेवढे लिटर वजा करून द्या.

बिल कमी करायचं म्हणून थर्मोस्टॅट ४०-४५ वर आणून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. मोठ्या टाकीतल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात आणि वयस्कर माणसांना न्यूमोनिया होऊन जिवावर बेतू शकतं. टाकी ६० अंशांवर आणि रिटर्न ५० च्या वर ठेवायची असते, आणि ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं म्हणून घरात गार पाणी मिसळून ते सोसवेल इतकं करणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह असावा. पैसे वाचवायचे तर पाइपांना आणि टाकीला चांगलं इन्सुलेशन करा, आणि केल्यावर परत रात्रीचं रीडिंग घ्या, फरक लगेच आकड्यात दिसतो.

मीटिंग, थकबाकी, आणि जो भरतच नाही तो

नवी पद्धत एकदम लागू करू नका. दोन महिने बिल जुन्याच पद्धतीने घ्या आणि सोबत नव्या पद्धतीने किती आलं असतं तो कागद प्रत्येकाच्या हातात द्या. ज्यांचं वाढणार त्यांना आधी कळलं पाहिजे, त्यांना सवयी बदलायला, गळके नळ दुरुस्त करायला वेळ मिळाला पाहिजे, मोठ्या कुटुंबाला एकदम गुन्हेगार ठरवलं की ते पुढं काही ऐकून घेत नाहीत. मग मीटिंगमध्ये मतदान घ्या, ठराव मिनिट्समध्ये लिहा, कोणत्या तारखेपासून लागू ते लिहा. मागच्या पाच वर्षांचा हिशोब उकरायचा आग्रह कुणीतरी धरतंच, पण तेव्हा ना सबमीटर होता ना लिटरचे आकडे, त्यामुळे काहीच सिद्ध करता येत नाही, ठरावाच्या तारखेपासून पुढचं बघायचं असं स्पष्ट ठरवा. अपवाद एकच, ज्याच्या खाजगी मीटरवर कॉमन लोड सापडला त्याचे पैसे लोडच्या वॅटवरून आणि चालण्याच्या तासांवरून काढून परत द्या.

कुणाला हिशोब मान्य नसेल तर त्याने हरकत लिहून द्यावी आणि वाद नसलेली रक्कम भरत राहावी, उरलेली "हरकत ठेवून भरली" असं पावतीवर लिहून घ्यावी. कमिटीने सात-आठ दिवसांत त्याच्यासमोर मीटर दाखवून उत्तर द्यावं. तरीही नाही पटलं तर दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस, शक्यतो पाइपिंग कळणारा, बसवा, आणि त्याच्यापुढं सोसायटीचे नियम आणि तिथला कायदा काय सांगतो तसं जा. पाणी तोडायचं मात्र नाही, त्या घरात लहान मूल असतं, आजारी माणूस असतं, आणि बहुतेकदा कायद्याने तुम्हीच अडचणीत येता.

एखाद्याने घरात स्वतःचा गीझर लावला आणि कॉमनमधून बाहेर पडायचं म्हणाला तर माझं मत असं, त्याची लाइन शाफ्टमध्ये प्लग मारून सील करा, वापराचा हिस्सा त्या दिवसापासून बंद, पण कायमचा हिस्सा निदान चालू वर्ष संपेपर्यंत घ्या, नाहीतर एकेक जण बाहेर पडत जातो आणि शेवटच्या दोन-तीन घरांवर पूर्ण टाकीचा बोजा येतो, आणि ती घरं बहुतेक वेळा ज्यांना गीझर परवडत नाही त्यांचीच असतात.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये रोजचा वापर भाडेकरूचा, आणि टाकी, कॉइल, मीटर बदलायचा खर्च मालकाचा, हे करारातच लिहा. चावी देताना आणि परत घेताना मीटरचा फोटो काढा, तारीख दिसेल असा, आणि तो मालक, भाडेकरू, सेक्रेटरी तिघांच्या ग्रुपवर टाका. मीटर नसेल तर त्या महिन्याचे माणूस-दिवस लिहून दोघांच्या सह्या घ्या, डिपॉझिट परत करायच्या आधी.